पाय यंत्राचे, लगाम माणसाच्या हाती

१५ जानेवारी २०२५ रोजी सेना दिनाचे संचलन प्रथमच पुण्यात झाले. हा सोहळा दिल्लीबाहेर नेण्याची प्रथा तेव्हा नवीच होती. २०२३ साली तो बंगळुरूला झाला, २०२४ साली लखनौला, आणि मग खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. त्या सकाळची छायाचित्रे आणि चित्रफिती आज कुणालाही पाहता येतात. त्यांत गुडघ्यापेक्षा जेमतेम उंच अशी चार पायांची यंत्रे रांगेने चालताना दिसतात. सैन्याने त्यांना ‘म्यूल’ म्हटले आहे, म्हणजे खेचर. वर्तमानपत्रांना मात्र त्यांत कुत्रे दिसले आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत तेच चालले. चित्रफीत मध्येच थांबवून पाहिली की बातम्यांत न आलेली एक गोष्ट लक्षात येते. यंत्रांबरोबर जवानही चालत आहेत आणि त्यांच्या हातांत नियंत्रक आहेत. मुलांच्या खेळातल्या रिमोटसारखीच दोन्ही हातांची पकड आणि त्यावर अंगठे.

आता या चित्राशेजारी दुसरा पुरावा ठेवू. जानेवारी २०२३मध्ये सैन्याने अशा १०० यंत्रांसाठी निविदा मागवल्या. खरेदी तातडीची होती. त्याच सुमारास जवानाला हवेत उचलणाऱ्या ४८ जेटपॅकांचीही मागणी निघाली, त्यामुळे चर्चा सगळी तिकडे गेली आणि खेचरे मागे पडली. यंत्र कसे हवे, याचे मागणीतले वर्णन स्पष्ट होते: चार पाय हवेत, निरनिराळ्या जमिनींवर स्वयंचलितपणे चालता यावे, अडथळे टाळता यावेत, आणि पडले तर आपले आपण उठता यावे.

एका कागदावर ‘स्वयंचलित’ आणि दोन वर्षांनंतरच्या चित्रात प्रत्येक यंत्रामागे माणूस. घाईने वाचणारा म्हणेल, मागितले एक आणि मिळाले दुसरेच. मला तसे वाटत नाही. दोन्ही पुरावे खरे आहेत, फक्त ते यंत्राच्या दोन वेगवेगळ्या कामांबद्दल बोलतात. पाऊल कुठे आणि कसे टाकायचे हे एक काम. जायचे कुठे हे दुसरे. माणसाने चालवायच्या, पायांवर चालणाऱ्या यंत्राचा व्यवहारात काही उपयोग आहे का, हा प्रश्न गेली साठ वर्षे विचारला जातो आहे. मागे राहिलेले कागद क्रमाने वाचले तर उत्तर या दोन कामांच्या वाटणीत सापडते. पण त्यासाठी खडकीहून बरेच लांब जावे लागते.

१९६८ साली लंडनमध्ये वाहतूक अभियांत्रिकीची एक परिषद भरली होती. तिथे रोनाल्ड लिस्टन आणि राल्फ मोशर या दोघांनी एका चालत्या ट्रकवर निबंध वाचला. लिस्टन डेट्रॉइटच्या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतले. रस्ता नसलेल्या जमिनीवर वाहने कशी चालवायची, हाच तिथला अभ्यासाचा विषय होता. मोशर जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंता. व्हिएतनामचे युद्ध ऐन भरात होते. चिखल, भातखाचरे आणि जंगल यांत चाके रुतत होती आणि सैन्याला पाय हवे होते.

मोशर यांचे यंत्र आजही व्हर्जिनियातल्या फोर्ट युस्टिस इथल्या लष्करी वाहतूक संग्रहालयात आहे. उंची अकरा फुटांच्या आसपास, वजन तीन हजार पौंड, म्हणजे तेराशे किलोंहून अधिक. मधल्या चौकटीत चालक बसे. त्याचे दोन हात यंत्राच्या पुढच्या दोन पायांना जोडलेले आणि दोन पाय मागच्या दोन पायांना. त्याने उजवा हात उचलला की यंत्राचा पुढचा उजवा पाय उचलला जाई. उलट दिशेचीही सोय होती, आणि मोशर यांचे खरे कौशल्य तिथेच होते. यंत्राचा पाय ओंडक्याला अडला की त्या अडण्याचा एक लहानसा अंश द्रवदाबाच्या नळ्यांतून चालकाच्या हाताला जाणवे. मागचे पाय चालकाला दिसतच नसत, त्यामुळे तिथे सगळी भिस्त या जाणिवेवर. त्या काळच्या चित्रफितीत हे धूड लाकडी ओंडक्यांच्या राशीवर चढते आणि फसलेल्या जीपला पायाने ढकलून बाहेर काढते. बघताना अजूनही नवल वाटते, हे कबूल केले पाहिजे.

यंत्रात संगणक नव्हता. तोल सांभाळायची जबाबदारी सर्वस्वी चालकाची होती, आणि इथेच गाडे अडले. आपण चालतो तेव्हा पावलांचा विचार करत नाही. खिशात हात घालून, शेजारच्याशी वाद घालत लक्ष्मी रस्ता ओलांडता येतो. मोशर यांच्या चालकाला मात्र एकेक पाऊल जाणूनबुजून टाकावे लागे, तेही चार पायांचे, आणि त्यातले दोन पाय म्हणजे मुळात त्याचे हात. सरावलेला माणूसही थोडक्या मिनिटांत थकून जाई. पंधरा मिनिटे ही मर्यादा या यंत्राबद्दलच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. ट्रक म्हणून बांधलेले वाहन जर चालकाला पाव तासात घामाघूम करून खाली उतरवत असेल, तर त्यावर माल लादून तो पोहोचवणार कोण? सैन्याने ते नमुन्याच्या पुढे नेले नाही.

त्याच कंपनीतला त्याच सुमाराचा दुसरा दप्तरी पुरावा याहून बोलका आहे. हार्डिमन हा माणसाने अंगावर चढवायचा पोलादी सांगाडा. तो १५०० पौंड उचलेल, असा संकल्प होता. १९७१च्या अंतिम अहवालात काय आहे? एक हात कामाला लागला आणि त्याने ७५० पौंड उचलले. पायांसकट सगळा सांगाडा एकदम चालू केला की तो अनावर होऊन झटके देई, म्हणून माणूस आत घालून पूर्ण यंत्र कधी चालवलेच गेले नाही. अपयश असे आकड्यांसकट लिहून ठेवणारे अहवाल आपल्याकडे विरळाच.

दिशा बदलली ती ओहायोत. तिथल्या राज्य विद्यापीठात रॉबर्ट मॅकगी आणि केनेथ वॉल्ड्रन यांनी १९८०च्या दशकात सहा पायांचे वाहन बांधले. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. लांबी पाच मीटर, वजन पावणेतीन टनांच्या जवळपास, आणि आत पुन्हा एक चालक. वरवर पाहता मोशर यांच्याच ट्रकचा थोरला भाऊ. पण १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या वॉल्ड्रन आणि शिन-मिन साँग यांच्या ग्रंथात रचना पाहिली की फरक कळतो. चालकाच्या हाती एक दांडा आहे. पुढे, मागे, बाजूला, वळ, एवढेच तो सांगतो. कोणता पाय कधी उचलायचा, कुठे टेकवायचा, याचा हिशेब संगणक करतात आणि समोरची जमीन लेझर चाचपतो. पाऊल यंत्राकडे गेले आणि वाट माणसाकडे राहिली. ते वाहन पुढे बाजारात आले नाही, पण कल्पना पक्की झाली.

या यंत्रावर काम करणाऱ्यांत आयआयटी कानपूरहून गेलेला एक विद्यार्थी होता, विजय कुमार. १९८७ साली पीएच.डी. घेऊन ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि पुढे तिथल्या अभियांत्रिकी शाखेचे अधिष्ठाता झाले. त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून २०१५ साली घोस्ट रोबोटिक्स ही कंपनी निघाली. खडकीच्या मैदानावर चाललेली यंत्रे सैन्याला एरोआर्क या भारतीय कंपनीने पुरवली आणि घोस्ट ही तिची भागीदार, असे बातम्यांत आले आहे. यंत्रांची ठेवणही तेच सांगते. ओहायो ते फिलाडेल्फिया ते खडकी अशी सरळ वंशावळ मांडण्याचा मोह इथे होतो. तो आवरायला हवा. प्रयोगशाळा वेगळी, माणसे वेगळी, मधली तीस वर्षे वेगळी. एवढेच म्हणता येईल की पावलाचा हिशेब यंत्राकडे द्यायचा, हे ओहायोत ठरलेले तत्त्व खडकीत दिसले.

आत माणूस बसवलेल्या अजस्र यंत्रयोद्ध्यांविषयी फार लिहायची गरज नाही. २०१७ साली जपानचा कुराटास आणि अमेरिकेचा मेगाबॉट्स यांची झुंज जगभर पाहिली गेली. जपानी यंत्राच्या पायांना खाली चाके होती आणि अमेरिकी यंत्र तर पट्ट्यांवर फिरत होते. चालत एकही नव्हते. ती करमणूक होती आणि करमणूक म्हणून तक्रारही नाही.

माणसाने आत बसून चालवलेले, पायांवर चालणारे आणि शंभर वर्षे नफ्यात चाललेले एक यंत्र मात्र आहे, आणि या चर्चेत त्याचे नावही कुणी घेत नाही. ते खाणीत खोदकाम करणारे ड्रॅगलाइन. १९१३ साली शिकागोच्या मोनिहन कंपनीत ऑस्कर मार्टिन्सन यांनी त्याला पाय दिले. सिंगरौलीच्या कोळसाखाणींत २४ घनमीटर बकेटची आणि ९६ मीटर बूमची, म्हणजे लांब भुजेची, ड्रॅगलाइने अशीच चालतात. खोदताना यंत्र गोल बैठकीवर बसलेले असते. दोन्ही अंगांना दोन प्रचंड पादुका असतात. हलायचे झाले की पादुका जमिनीला टेकतात, धड उचलले जाते, दोनेक मीटर सरकते आणि पुन्हा बसते. गंमत म्हणजे ते चालते उलटे, बूमकडे पाठ करून. इतके वजन चाकांवर घातले तर चाके जमिनीत जातील, म्हणून हे पाय. ऑपरेटर पावले टाकत बसत नाही. पादुकांची गती यंत्ररचनेतच बांधलेली असते, तो फक्त चाल सुरू करतो आणि थांबवतो. वाटणी तीच, ओहायोच्या सत्तर वर्षे आधीची, आणि संगणकाविना.

आता पुण्यात परत येऊ. आळंदी रस्त्यावर दिघीला डीआरडीओची आर अँड डीई (इंजिनिअर्स) ही संस्था आहे. लष्करी पूल हा तिचा जुना हातखंडा. दूरनियंत्रित यंत्रांत तिचे नाव झाले ते ‘दक्ष’मुळे. बॉम्ब शोधून निकामी करणारे हे यंत्र बॅटरीवर तीन तास चालते, पाचशे मीटरवरून हाताळता येते, क्ष-किरणांनी पिशवीच्या आत पाहते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने स्फोटक निकामी करते. सैन्याने वीस मागवली, त्यांतली पहिली पाच १९ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात सुपूर्द झाली. आणि दक्षला चाके आहेत. जिनेही ते चाकांवरच चढते.

दिघीच्या अभियंत्यांना पायांची कल्पना सुचली नसेल, असे मानायला जागा नाही. त्यांनी कामाकडे पाहिले असावे. पुण्यातलेच आधीचे-नंतरचे अनुभव पाहा. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला तो दुकानात ठेवलेल्या पिशवीचा. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर बॉम्ब ठेवले गेले ते सायकलींवर. फरशी, फूटपाथ, डांबरी रस्ता. शहरात संशयास्पद वस्तू सापडते ती बहुधा अशाच जागी, आणि तिथे चाक पोहोचते. पायांसाठी वाढीव पैसा, वाढीव सांधे आणि बिघडण्याच्या वाढीव जागा कशाला? मला दक्षची चाके हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. चालते यंत्र उपयोगी आहे का, याचे उत्तर शहरापुरते तरी दिघीने २०११मध्येच देऊन ठेवले होते.

मग डोंगरात काय? तिथे चालत्या यंत्राची गाठ चाकाशी नसून जिवंत खेचराशी आहे, आणि खेचराचा हिशेब दप्तरात चोख आहे. ब्रिटिश अमलातल्या हिंदी सैन्यात एका खेचरावर १६० पौंड ओझे हे प्रमाण धरले जाई, म्हणजे सुमारे ७२ किलो, आपल्या जुन्या मापात जवळपास दोन मण. ३.७ इंची पहाडी तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादत. खडकीत चाललेले यंत्रखेचर वाहते १५ किलो. उणे ४० ते अधिक ५५ अंशांत ते काम करते, असे तेव्हाच्या बातम्यांत आहे, आणि ती साधी गोष्ट नव्हे. पण ओझ्याच्या बाबतीत पाच यंत्रे मिळून एका खेचराची बरोबरी करतील.

जास्त ओझ्याचे यंत्र बनवून पाहिलेले आहे. बोस्टन डायनॅमिक्सचे एलएस-३ चारशे पौंड वाही, खेचराच्या अडीचपट. २०१४ साली हवाईच्या सरावात अमेरिकी मरीन सैनिकांनी ते सोबत नेले. पण त्याच्या पेट्रोल इंजिनाचा आवाज इतका की शत्रूला पत्ताच कळावा. २०१५अखेर प्रकल्प गुंडाळला गेला. हे वाचताना १९४४च्या ब्रह्मदेशातली एक नोंद आठवते. ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या चिंडिट तुकड्यांनी जपान्यांच्या पिछाडीला जाताना खेचरे नेली होती. ती ओरडू नयेत म्हणून आधी त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केली गेली. क्रूर उपाय होता, पण ओझे वाहणाऱ्याने गप्प राहावे ही गरज सैन्याने तेव्हाच ओळखली होती. खडकीतले यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून इंजिनाची घरघर नाही. ओझे कमी का, याचेही कारण तेच. बॅटरी हे स्वतःच ओझे आहे.

खेचराला आणखी एक गोष्ट येते आणि ती कुठल्याच निविदेत लिहिता येत नाही. पेडोंगी नावाच्या खेचरीची हकिगत सैन्यात सांगतात. १९७१च्या युद्धात ती पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागली आणि पुढे त्यांचीच मशिनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या पाठीवर घेऊन आपल्या तळावर परत आली. तिचा खूर क्रमांक १५३२८ नोंदलेला आहे. १९८९ साली तिचा निळी मखमली झूल पांघरून सत्कार झाला, तोही. बाकीच्या तपशिलाला सांगणाऱ्याच्या अभिमानाचा थोडा रंग चढला असेल, तेवढी सूट मी देतो. पण पाऊल आणि वाट, दोन्ही कामे तिने एकटीने केली. खडकीच्या यंत्राकडे त्यातले पहिले काम आहे. दुसऱ्यासाठी जवान लागतो.

तरीही १५ किलो वाहणाऱ्या या यंत्राला मी निकालात काढणार नाही. त्याचे नाव खेचर ठेवले ही गफलत आहे, कारण नावामुळे आपण ओझे मोजत बसतो. त्याच्या १५ किलोंत कॅमेरा, उष्णता टिपणारा संवेदक किंवा हत्यार बसते. अरुंद खिंडीत, पडक्या घरात, दगडांच्या उतारावर, जिथे दक्षची चाके अडतात आणि पहिले पाऊल जवानाला टाकावे लागते, तिथे हे पाऊल यंत्राने टाकायचे आहे. तो उपयोग खरा आहे. त्यासाठी माणूस मागे, काही अंतरावर, नियंत्रक हातात घेऊन उभा राहिला तर त्यात यंत्राची हार नाही. हत्यार चढवले असेल तर तो तिथे असलाच पाहिजे. आत बसणारा चालक मात्र या कामात निव्वळ भार आहे. ज्या धोक्यापासून त्याला दूर ठेवायचे, तिथेच त्याला घेऊन जायचे, वर त्याचे सत्तर किलो वाहायचे!

मे २०२५मध्ये दिघीच्या संस्थेबद्दल नवी बातमी आली. तिथल्या प्रगत यंत्रमानव केंद्रात चार वर्षांपासून माणसाच्या आकाराच्या, दोन पायांच्या यंत्रावर काम चालू होते. कमरेवरच्या आणि कमरेखालच्या भागांचे नमुने वेगवेगळे तयार झाले होते आणि २०२७पर्यंत यंत्र पूर्ण करायचा मानस होता. हे यंत्र थेट माणसाच्या आज्ञेखाली काम करील, आघाडीवरच्या जोखमीच्या कामांत जवानाची जागा घेईल, असे सांगितले गेले. चालत्या यंत्रांवरची एक राष्ट्रीय कार्यशाळाही पुण्यात भरली आणि तिथे नमुने दाखवले गेले. तेव्हा गटप्रमुख एस. ई. तळोले होते, आणि रचनेची बाजू पाहणारे किरण अकेला यांनी अडचणी सांगितल्या त्या तोल राखण्याच्या, माहितीवर झपाट्याने प्रक्रिया करण्याच्या आणि ती जमिनीवर प्रत्यक्षात उतरवण्याच्या. १९६८ साली लंडनला सांगितलेल्या यंत्रात ही तिन्ही कामे एका घामाघूम चालकाकडे होती. दिघीत ती यंत्राच्या वाट्याला दिली आहेत, आणि आज्ञा देणारा माणूस लांब, पडद्यासमोर बसवला आहे.